फिल्टर तुंबतो

तक्रार क्रमांक सत्तेचाळीस.
म्हणून मी सहमला, खल्फान बिन सुवैदच्या मळ्यावर,
पान्हा, ब्रश, क्षारमापक घेऊन.
समुद्र इथून खजुरांच्या पलीकडे, दिसत नाही,
पण विहिरीच्या पाण्यात
दर वर्षी थोडा थोडा राहायला येतो.

फिल्टर उघडला. जाळीवर हिरवी लाळ,
लाळेत एक गोगलगाय, हरभऱ्याच्या डाळीएवढी.
जाळी धुवायला वीस मिनिटं लागतात.
पण घाण येते कुठून ते बघायला
तळ्यावर गेलो
आणि दुपार तिथेच गेली.

काठाला लव्हाळा, ओळखीचा,
आमच्या यावलच्या पाटात पोटऱ्या ओरबाडणारा.
मागे पाणकणसं,
जणू कुणी उदबत्त्यांचा जुडगा रोवला
आणि लावायला विसरलं.
चिखलावर जलपिंपळी पालथी पडलेली,
माका, पांढऱ्या बटणांचा,
आणि पाण्याखाली काहीतरी
ज्याला माझ्याकडे नाव नाही:
खरखरीत, हिरवं, काचेच्या चुऱ्यासारखं,
चुरगळलं की बोटांना लसणाचा वास.

मोतालेब, नोआखालीचा, गुडघाभर पाण्यात
लुंगी खोचून ब्राह्मी खुडत होता.
डाळीत टाकतो म्हणाला. डोकं चांगलं चालतं.
मग म्हणाला, चाललं असतं तर
इथे आलो असतो का?
दोघंही हसलो, तो जरा जास्त वेळ.

खल्फान पाणकणसाला बर्दी म्हणतो.
त्याच्या बापाने तिच्या चटया विणल्या,
त्या चटईवर तो स्वतः जन्मला,
आणि आता म्हणतो, काढून टाक सगळं,
काळं प्लास्टिक घाल, मीटर मोजून सांग.

मोजले. टेप धरून काठाने फिरताना
मीटरसोबत नुसतं तोंडाने झाडंही मोजली.
उत्तरेला, जिथे पाइप गोडं पाणी सोडतो, नऊ जाती.
दक्षिणेला काठावर मिठाची साय,
तिथे दोनच, त्यांतली एक वाळत चाललेली.
क्षारमापकाने तेच सांगितलं, आकड्यात,
पण त्याला झाडं माहीत नाहीत.

ऑफिसच्या फॉर्मवर रकाने आहेत:
दाब. क्षार. जाळी बदलली का.
शेवटी शेरा, दोन बोटं रुंद.
त्यात मी देवनागरीत आठ नावं लिहिली
आणि नवव्याजागी, लसूण.
सजीवनने फॉर्म उलटासुलटा करून विचारलं,
ही काय, भाजीची यादी?
ब्राह्मीपुरतं हो म्हणालो.

चार दिवसांनी खल्फानचा फोन:
प्लास्टिक राहू दे, उन्हाळ्यानंतर बघू.
भाव ऐकून की मोतालेबची डाळ खाऊन,
सांगता येत नाही.
मी विचारलं नाही. जाळी मात्र
दर पंधरा दिवसांनी धुवायची ठरली,
आणि पाइपच्या तोंडाला कांद्याचं पोतं बांधलं.

त्याच आठवड्यात हारिबकडे गेलो होतो.
त्याचं तळं नवं, काळं प्लास्टिक, बेसिनसारखं स्वच्छ.
एक चतुर पाइपवर बसला,
इकडेतिकडे पाहिलं, उडून गेला.
तळाशी वाऱ्याने आणलेली बोटभर धूळ, बाकी काही नाही.
फुटव्हॉल्व्ह अडकला होता, आत उतरावं लागलं.
बुटांना खल्फानकडचा चिखल होता.
धुवायचे राहिले होते.

आता नोव्हेंबर.
तक्रार क्रमांक एकशे बारा, हारिब. फिल्टर तुंबतो.
उघडला. जाळीवर दोन हिरवे धागे.
आजूबाजूला कुणी नाही हे बघून
बोटांत चुरगळले,
नाकाशी नेले.

नवीन फॉर्मवर एक रकाना वाढलाय: कारण.
पेन काढून उभा आहे.
काय लिहू?
बूट, नंबर आठ?