सक्तीचं सामान

गगनबावड्याच्या शाळेत, सातवीच्या वर्गात
बाकावर बसलोय यादी घेऊन.
फळ्यावर कालचं काळ-काम-वेग तसंच आहे,
कुणी पुसलेलं नाही.

शिट्टी दाखवा. वाजवून दाखवा.
हेडलॅम्प पेटवा. जादा सेल?
पाणी दीड लिटर, पिशवीत का बाटलीत ते तुमचं तुम्ही.
क्रेप बँडेज. मिठाच्या गोळ्या.
मोबाईल चार्ज केलेला, आणि त्यात आमचा नंबर,
घरच्यांचा नंतर; घरचे नुसती काळजी करतात.
आणि ती चंदेरी घोंगडी,
मुठीत मावणारी. उगाच फोडायची नाही.

बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो,
आता तिकिटाऐवजी छातीवरचे नंबर बघतो.
पंच सुटला, हाताची खोड सुटली नाही:
प्रत्येक पावतीवर नखानं एक खूण.

पुण्याहून आलेला एकजण म्हणाला,
काका, एवढं ओझं घेऊन पळायचं कसं?
म्हटलं, तुम्ही हे उचला,
म्हणजे आम्हाला तुम्हाला उचलायला नको.

मग गंगाराम झोरे आला, वरल्या धनगरवाड्यावरचा.
एकोणीस वर्षांचा. बूट दुसऱ्याचे, नाड्या स्वतःच्या.
बाकी सगळं होतं, उसनं का होईना.
शिट्टी नव्हती.
त्यानं दोन बोटं तोंडात घातली
आणि अशी वाजवली की
मैदानातल्या म्हशीनं मान वर केली.
वर्ग हसला. मी नाही हसलो.
यादीत बोटं नाहीत, म्हटलं.

त्याला नाही सांगितलं, तुम्हाला सांगतो.
करूळ घाट, भादवा, दाट धुकं.
गाडी कठड्याला टेकून बंद पडलेली.
वरच्या वळणावर जाऊन उभा राहिलो,
शिट्टी राहिली गाडीत, पेटीत.
बोटं तोंडात घातली
तर ओठ माझे नव्हतेच, थंडीनं,
नुसती हवा निघाली.
वरून ट्रक आला.
पुढचं राहू दे.

खिशातून शिट्टी काढली, पितळेची, एसटीची.
रिटायर होताना जमा करायची होती, केली नाही.
मी मोडलेला तो एकच नियम.
गळ्यात घाल, म्हटलं. उद्या परत.

सकाळी सहाला दोनशे बारा सुटले.
वाटेत कागद टाकला की बाद.
अरुंद वाटेवर मागच्यानं हाक द्यायची,
पुढच्यानं वाट द्यायची
(एसटीच्या दारात हे कधी कुणाला जमलं नाही).
कुणी पडलं तर थांबायचं, वेळेचं आम्ही बघू.
साडेअकराला दुसरी चौकी बंद,
मग रडलात तरी सोडत नाही.

गंगाराम तिसरा आला.
गुडघ्यापर्यंत चिखल, दात पांढरेशुभ्र.
आल्यावर पुन्हा सामान तपासायचं, हाही नियम.
शिट्टी होती. लॅम्प होता.
घोंगडी नव्हती.

पडली?
दिली.
कुणाला?
पाण्याच्या टेबलावर जनाक्का बसलीया पाटंधरनं,
भिजून काकडत हुती.
ती पळत न्हाई, म्हणून तिला
सक्तीचं न्हाई व्हय?

सामान कमी, अर्धा तास दंड.
मी लिहिला. माझ्याच पेनानं.
सख्ख्या मेहुण्याला एकदा हाफ तिकिटावरून
कळे फाट्याला उतरवलंय मी,
तेव्हा हात हलला नव्हता.
आज हलला. अक्षर मात्र नीट आलं.
तिसऱ्याचा सव्विसावा झाला.
त्यानं शिट्टी पुसून बाकावर ठेवली,
वाजवाय लागली न्हाई, म्हणाला,
आणि पोह्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

ती घोंगडी एकदा उघडली
की पुन्हा त्या घडीत बसत नाही.

परवा वैभववाडीला चाललो होतो,
पासावर, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर.
वळणावर ऊन पडलं
आणि वर धनगरवाड्याच्या अंगाला
गोठ्याच्या कुडावर काहीतरी लखलखलं.
ड्रायव्हर म्हणाला, आरसा हाय काय ओ?
न्हवं, म्हटलं.
सामान हाय.