रीडिंगच्या वहीची मागची पानं

अडावद फीडर. मे महिना.
पेटीचं झाकण उघडावं
तर आकड्यांच्या आधी दिसतं मातीचं घर,
खारकेएवढ्या खोल्या, एकीला एक चिकटलेल्या.

वहीच्या पुढच्या बाजूला युनिटं.
मागून, वही उलटी धरून, त्या.

पहिल्या वर्षी सरसकट 'गांधीलमाशी' लिहिलं.
चूक होती. खोडली नाही,
खाली पेन्सिलीने लिहिलं: कंबर बघ.

दोऱ्यासारखी कंबर, पायांवर पिवळं,
तोंडात चिखलाची गोळी, ती कुंभारीण.
केळीच्या पाटाशी उतरते, गुणगुणत माती मळते.
कोळी आणते उडत, बारके बारके,
एका खोलीत चौदा.
एकदाच फोडून मोजले.

दुसरी उडते कमी, चालते फार.
निळीकाळी, मोटारीच्या जळक्या ऑइलसारखी,
पंख झटकत, मिशा वळवत
बांध हुंगते, किल्ली हरवल्यासारखी.
मागच्या पायांना काटे.
कोळी एकच, पण तिच्याहून थोराड,
आणि ओढते उलटी, मागे न बघता.
नाव कुणाला विचारणार?
वहीत 'उलटी' लिहिलंय.

सुपडाबाई आली पाणी सोडायला.
"काय देखी ऱ्हायना, भाऊ?"
काडीने कोळ्याचा पाय लांबवून दाखवला.
सोडला, तर हळूच मिटला.
"मरेल नई शे तो. झोपेल शे."
मग सांगू लागली माळकरी सासऱ्याचं:
किडा कुंभारणीचा ध्यास घेतो,
घेता घेता कुंभारीणच होतो.
म्हटलं, मावशी, ध्यास नाही,
तिची अळी त्याला खाते. जिता.
मर्म शेवटाला राखून.
ती फावड्याने बारं फोडत राहिली.
"मंग व्हयना ना तो कुंभारीन!"

तेही लिहिलं मी.
रकाना मात्र ठरेना.

आता नवे मीटर आलेत,
आपलं रीडिंग आपणच पाठवणारे.
पेट्यांची भोकं पुट्टीने बुजवा, असा कागद आलाय,
आणि मला आवक-जावकचं टेबल.

परवा, शेवटच्या फेरीत, डीपीखाली
'उलटी' आली कोळी ओढत
थेट माझ्या बुटावर.
चढताना दोनदा घसरली.
कोळी टाकून एक चक्कर मारून आली,
पुन्हा धरला.
मी हललो नाही.
पेटीचं भोक समोर, उघडं.
हातातली पुट्टी
वाळत गेली.