कोरं आणि शून्य

आल्तिनोच्या शस्त्रागारात
टेबलावर हिरवं ब्लँकेट, त्यावर दोन पिस्तुलं.
समोर सुलक्षा वेळीप,
नवी शिपाई, काणकोणची, डावरी.

ही बघ, तिसरी पिढी.
मुठीवर बोटांसाठी खाचा आहेत;
कुणाच्या बोटांसाठी, ते कारखान्याला ठाऊक.
तुझं मधलं बोट उंचवट्यावरच बसणार.
मॅगझिनचा खटका उजव्या हातवाल्यांचा.

ही पाचवी. खाचा गेल्या.
खटका तुझ्या बाजूला लावून देतो,
दहा मिनिटांचं काम.
मला विचारशील तर

ती मला विचारत नाही.
कोयतीची धार बघावी तशी
दोन्ही खिडकीकडे धरते.
जुन्याच्या कडेला तांबूस ठिपका आहे,
मांडवीचा खारा वारा.
सतरा पावसाळे पुसतोय मी तो.

"ह्यानं कुणाला मारलंय?"

रजिस्टर काढतो.
आधी कायतान रेबेलोचं तिरकं अक्षर, मग माझं.
सराव. सराव.
निवडणूक बंदोबस्त, गोळ्या शून्य.
शिरगावची जत्रा, शून्य.
फेस्त, शून्य. सराव.
पाचवीचं पान कोरं.

"कोरं आणि शून्य एक नव्हे, काका."

आणि जुनंच उचलते.
मधलं बोट उंचवट्यावर,
खटक्यासाठी तर्जनी वाकडी करून
दोनदा मॅगझिन पाडते ब्लँकेटवर.
तिसऱ्यांदा झेलते.

काय बोलणार?
रजिस्टर पुढे सरकवतो.
ती सही करते,
आणि तळहाताखाली शाई
तिच्या नावावरून
पुसटत जाते.