साडेआठ बादल्या

आमच्या टेकडीवर पाऊस पडत नाही.
धुकं उतरतं, मे ते ऑक्टोबर,
पांघरुणं ओली करतं, पत्र्याचे खिळे गंजवतं,
पण त्यानं एक पेला भरत नाही.
म्हणून लिमाच्या या टोकाला
पाणी टँकरनं चढतं
आणि पिंपाच्या भावानं विकतात.

पिंप दोनशे लिटरचं.
टँकरवाला तसं म्हणायचा, आम्हीही तसंच म्हणायचो.
फेस वर आला की तो नळी काढायचा,
फेस बसेपर्यंत पुढच्या वळणावर पोचलेला असायचा.
तीस वर्षं.

एका मंगळवारी सतरा वर्षांची योर्लेनी,
एउफेमियाची नात,
वीस लिटरची बादली घेऊन दारोदार निघाली.
बरोबर तुटक्या चपलेतला आब्दियास
आणि निळा खडू धरलेला धाकटा भाऊ.
दहा भरायला हव्या होत्या.
भरल्या साडेआठ.
शेजारी साडेआठ.
त्या पलीकडे आठच,
तिथली म्हातारी आंधळी आहे.

प्रत्येक दारावर त्यांनी आकडा लिहिला.
माझ्या दाराशी आले नाहीत.
मी वस्तीची खजिनदार,
झोपड्या चटयांच्या होत्या तेव्हापासूनची.
मोठ्यांचं पिंप मोजायचं नसतं,
असं त्यांना कुणीतरी शिकवलेलं.

मापात पाप आहे, हे मला माहीत होतं.
पण टँकर आलाच नाही तर?
या एका प्रश्नावर
मी तीस वर्षं झाकण ठेवून बसले होते.

आणि टँकर खरंच आला नाही.
चार दिवस.
पिंपांच्या तळाशी शेवाळ दिसू लागलं,
लोक म्हणाले, भोगा आता या पोरखेळाची फळं.
योर्लेनीच्या दारावर कुणीतरी
तिच्याच खडूनं शिवी लिहिली.
तिनं ती पुसली नाही.
फक्त शुद्धलेखन दुरुस्त केलं.

पाचव्या दिवशी वही काखेत मारून
तिघं सहाशे बारा पायऱ्या उतरली.
पाणीखात्यातल्या साहेबानं विचारलं,
"तुमची मोठी माणसं कुठायत?"
"वर आहेत," ती म्हणाली, "तहानलेली."

टँकर परतला.
यावेळी त्यानं फेस बसू दिला,
घड्याळ बघत, कपाळाला आठ्या घालून.
दारोदार साडेनऊ भरल्या.
माझ्याकडे मात्र जुन्या सवयीनं
काठोकाठ.

तेव्हा मीच हाक मारली,
"योर्लेनी, माझंही मोज."
तिनं मोजलं. सगळे बघत होते.
नववी बादली झाली,
दहावी झाली.
धाकट्यानं बहिणीकडे पाहिलं,
मग माझ्याकडे,
आणि दारावर लिहिलं: दहा.
अख्ख्या टेकडीवर तेवढाच एक दहा.

मी पावतीपुस्तक पुढे केलं.
तिनं ते घेतलं, आणि रिकाम्या झालेल्या माझ्या हातात
बादली दिली.
"अजून अर्धी यायचीय," म्हणाली. "पुढच्या मंगळवारी तुम्ही धरा."
माझे हात कापतात गं, पाणी सांडेल.
"सांडेल तेही लिहू."

धुकं माझ्या दारावरचा आकडा
रोज थोडा थोडा चाटून नेतं.
मी सकाळी उठते, खडू शोधते,
आणि पुन्हा गिरवते.