औटकी

पोलोग्राउंडच्या शेडमध्ये, एका टेबलावर
दोन गिअरबॉक्स पोट उघडून पडलेत.
खोकी सारखीच, आतडी वेगळी.
डावीकडचा रस्त्याचा,
उजवीकडचा पिथमपूरच्या ट्रॅकचा.

मी खडूने एक दात पांढरा करते
आणि मोजत फिरते, पुन्हा पांढऱ्यापर्यंत.
बारावर बेचाळीस.
बापू सरमंडल कॅलक्युलेटरकडे बघतही नाहीत.
"बारा औट बेचाळीस," म्हणतात
आणि पुडीतलं जीरावन बोटाने चाटतात.

औट म्हणजे साडेतीन.
शाळेत मला हा पाढा कुणी दिला नाही.
इथे मिळाला, चाळिशीच्या उंबऱ्यावर,
कोपरापर्यंत ग्रीस असताना.

रस्त्याचा पहिला गिअर औट.
सिग्नलवरून, खड्ड्यातून, राऊच्या चढावर
गाडी नुसती उचलायची, एवढंच त्याचं काम.
औट घटकेचं राज्य,
वीस पावलांत खालसा.
मग दोन, मग दीडच्या आत,
उतरत उतरत एकाच्याही खाली,
सहाव्याला पाऊण:
छत्तीस दात सत्तावीसांना फिरवतात
आणि इंजिन जेवून आडवं झाल्यासारखं चालतं.

उजवीकडे चौदावर पस्तीस.
पहिलाच अडीच.
मग दोन, आणि पुढच्या पायऱ्या इतक्या लागून
की टाच टेकायला जागा नाही.
सहावा एकाला येऊन थांबतो.
पाऊण त्याला ठाऊकच नाही.

भिंतीवर बापूंच्या अक्षरात, कोळशाने:
सात हजारावर बदल.
औटावरून दोनवर, चार हजार.
अडीचावरून दोनवर, पाच हजार सहाशे.
मधल्या सोळाशेंसाठी
हर्षिल छाजेडने सियागंजचा गाळा विकला.

"बापू, भिया, असा एकच बॉक्स द्या ना,
तिकडे पण पळेल, इकडे पण चालेल."

दिला नाही. मग त्याने स्वतःच ट्रॅकचा बसवून
मे महिन्यात भंवरकुआँ गाठलं.
एका ऊसवाल्याच्या गाड्यामागे
अडीचच्या पहिल्यात, अर्ध्या क्लचवर, पाऊण तास.
सरळ दातांची ती किंकाळी ऐकून
बाया गच्चीवर आल्या.
जळक्या क्लचचा वास सीटमधून
राखीपर्यंत गेला नाही.

पुढच्या खेपेला रस्त्याचा बॉक्स, ट्रॅकवर.
शेजारी मी होते.
वळणातून सुटताना दुसऱ्यात इंजिन ओरडायचं,
तिसऱ्यात मान टाकायचं.
त्याला हवा तो गिअर दोघांच्या मधे होता,
जिथे काहीच नव्हतं.
त्याचा हात दांड्यावर गेला, परत आला, गेला.
हेल्मेटच्या आत तो काहीतरी म्हणाला.
मी विचारलं नाही.

"दात कुणी कापत नाही, यामिनी,"
बापू हॉबिंग मशीनवर वाकून.
"आपण कापतो ती मधली फट.
दात उरतात."
मग मला ओरडले, कूलंट सोड म्हणून.

काल रात्री रस्त्याचा बॉक्स पुन्हा बसवला.
तपासायला मी चालवत होते, बापू बाजूला,
मांडीवर टिफिन, पट्टा कानापाशी.
औट कधी आला, कधी गेला.
महूच्या पुढे सहावा पडला.

"कितीवर?"
"दोन हजार."
"हं."

ट्रॅकच्या गाडीत हा माणूस
पापणी लवू देत नाही,
दर दाताचा हिशेब कानाने ठेवतो.
इथे, पाऊणवर,
मानपूरच्या अलीकडे त्याची हनुवटी छातीला टेकली.

वळवायची होती गाडी. वळवली नाही.
डिझेलचे ट्रक मागे पडत होते, सावकाश,
आणि मी मनात पाऊणकी म्हणत होते,
चार पाऊण तीन, आठ पाऊण सहा,
बारा पाऊणला अडखळले.

पुढे टोलनाक्याचे दिवे.
पाचवा, चौथा, एकेक आवाज न करता.
दोनवरून औटात जाताना
पाय जरा जास्तच हळू सोडला.