कारणाचा रकाना

जमिनीपासून बावन्न फूट.
बांबू, काथ्या, चार फळ्या, वर निळी ताडपत्री
आणि प्लास्टिकची एक खुर्ची, तिचा एक पाय आखूड.
हे माझं ऑफिस. झावळ्यांच्या रविवारापर्यंत मोडायचं.

काम सोपं.
चर्चच्या मनोऱ्याला वरून खाली तडा गेलाय,
त्यावर आडव्या चिकटवल्यात नऊ काचपट्ट्या,
शाळेच्या प्रयोगशाळेत असायच्या तसल्या, पातळ.
भिंत हलली तर काच फुटेल.
मी तासातासाला बघायचं आणि लिहायचं:
शाबूत.

सात वाजता शाबूत.
आठला शाबूत. खाली तलावपाळीला
कुणीतरी पेडलबोटी धुतोय, हंसाची मान घासतोय.
नऊला मेट्रोचा खांब ठोकायला घेतात,
धक्का आधी खुर्चीच्या आखूड पायात येतो,
मग कानात.
शाबूत.

घंटेच्या लोलकाला गोणपाट गुंडाळलंय.
इनासबाब रोज खालून विचारायचे, "निजली काय गो?"
पस्तीस वर्षं दोर ओढला त्यांनी,
तिचं तोंड कधी पाहिलं नव्हतं.
एका दुपारी वर आले, चपला खाली ठेवून,
अंगठ्यांनी बांबू धरत.
तिच्या काठावरून बराच वेळ हात फिरवला.
म्हणाले, "माझ्या मनात मोठी होती."

त्यांना जागा द्यायला मी वळले
आणि डब्याचा कोपरा सातव्या काचेला लागला.
टिच्. एवढंच.
वहीत लिहिलं: दुपारी २.४०, क्र. ७, तडकली.
कारणाचा रकाना मोकळा सोडला.

त्या मोकळ्या रकान्यापायी तीन दिवस काम बंद.
मोठे साहेब आले, पुण्याहून त्यांच्याहून मोठे आले,
मेट्रोवाल्यांना पत्र गेलं,
फादरांनी एक लग्न दुसरीकडे हलवलं.
गवंडी तळ्याकाठी पत्ते कुटत बसले, रोज बुडवून.
खरं सांगायला मी तीनदा तोंड उघडलं
आणि तीनदा नोकरी आठवली,
दिव्याच्या चाळीत जिच्यावर गॅस पेटतो ती.
मनोऱ्यावरचा पत्र्याचा कोंबडा
तेव्हा खाली वेल्डरकडे पडून होता.

इनासबाबांनी पाहिलं होतं.
चौथ्या दिवशी म्हणाले,
"आत, डाव्या हाताला, जाळीची खिडकी हाय बाय.
तुमच्यात चालतं का ठावं नाय.
पण तीपन आता ताडपत्रीखाली गेली."
मग सहाच्या ठोक्याला त्यांचे हात
आपसूक वर गेले, रिकाम्या हवेत,
खाली आले, वर गेले, खाली आले.
आवाज नाही.
मी सवयीनं काचा पाहिल्या.

मग पेन घेतलं. कारण: माझा डबा.
खाली सही, पूर्ण नाव, वाचता येईल असं.

आता परांची उतरवलीय.
तळ्याकडून जाताना मी बोट वर करून मोजते:
घंटेच्या जरा खाली, कावळा वळतोय ना,
तिथे माझी खुर्ची होती.
सुबल गवंडी अजून ओळख देत नाही.
सातव्या काचेचा गोंद म्हणे
खरवडून निघाला नाही.
त्याच्यावरूनच चुना मारलाय.