वापरात आहे

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, मासळीच्या शीतगृहामागे,
हेर्गायरची खोली. खिडकीला मीठ चिकटलेलं.
चाळीस वर्षं बोटींची इंजिनं उघडली,
आता जुन्या संगणकाचा गाभा उघडतो:
कर्नल म्हणतात त्याला, पोरगी सांगत होती.

नमुन्याचं मॉड्यूल, तीसेक ओळींचं.
येताना एक वाक्य बोलायचं,
जाताना एक.
मधे कोणी विचारलंच तर
पुन्हा पहिलंच.
"म्हणजे पाहुणा," तो म्हणाला, आणि मेक चालवलं.

पहिल्यांदा दारातूनच परत: आवृत्ती जुळत नाही.
दुसऱ्यांदा कुठेतरी शून्य पत्त्याला हात लागला
आणि सगळं जागच्या जागी गोठलं,
पंखा तेवढा फिरत राहिला.
त्याने शिवी दिली नाही. बटण दाबलं. कॉफी ओतली,
विसरला.

तिसऱ्यांदा लॉगच्या तळाशी उमटलं:
आलो.

इतकंच. त्याने लोकरी टोपी काढून मांडीवर ठेवली.

मग उतरवायला गेला, तर उतरेना.
कर्नल म्हणे: वापरात आहे.
कोणाच्या? खोलीत तर मी एकटा.
धरून ठेवणारे: एक.
एकेक प्रोसेस तपासली त्याने,
बोटीच्या तळाशी वाकून
गळती शोधावी तशी,

तर वरच्या मजल्यावरून, केबलच्या दुसऱ्या टोकाला,
नात. सुन्वा.
त्याचीच फाइल उघडून बसलेली,
वाचतेय, संपतच नाही:
आलो आलो आलो आलो

जबरदस्तीने काढायची आज्ञाही असते.
पाठ होती त्याला; अर्धी टाइपही झाली होती.
ती तशीच सोडून
जिन्याखाली जाऊन त्याने हाक मारली,
जेवलीस का गं?